ताईबाईच्या सीडीची दोन कव्हरं

मच्छिंद्र ओव्हाळचं दुकान दौंडला स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर आहे. पाटीवर 'करुणा डिजिटल' असं लिहिलंय. करुणा म्हणजे त्याची बायको. आज तिथं फ्लेक्स निघतात, लग्नपत्रिका छापतात, चहाच्या मगावर फोटो चिकटवून मिळतात. पण एक काळ असा होता, की दौंड-शिरूरच्या टापूत कुणा गायकाची सीडी निघाली, तर तिचं कव्हर मच्छिंद्रच्याच हातचं असायचं. भीमगीतं असोत, जागरण-गोंधळ असो, यात्रेतलं लोकनाट्य असो, गायक आधी स्टुडिओत जाऊन गाणं रेकॉर्ड करायचा आणि मग कपाटातला इस्त्रीचा शर्ट घालून मच्छिंद्रकडं फोटो काढायला यायचा.

वडील रेल्वेत खलाशी होते. पोरगाही रेल्वेतच चिकटेल असं घरात सगळ्यांनी धरलं होतं. पण मच्छिंद्रला शाळेपासून अक्षरांचा नाद. एका पेंटरच्या हाताखाली तो पाट्या रंगवायला शिकला. कॉम्प्युटर आल्यावर ब्रश ठेवून माउस धरला, आणि ब्रशनं जे करायचा तेच माउसनं करायला लागला. सोनेरी अक्षर, त्याला लाल कड, कडेला काळी सावली. मागं निळं आकाश आणि त्यातून फुटणारे पिवळे किरण. वरच्या कोपऱ्यात बाबासाहेबांचा फोटो, खाली ढोलकीवाल्यापासून कोरसपर्यंत सगळ्यांचे गोल गोल चेहरे.

यात त्याचं एक गणित होतं. स्टॉलवर सीड्या एकीवर एक तिरक्या लावतात. गिऱ्हाइकाला प्रत्येकीचा वरचा चार बोटांचा पट्टाच दिसतो. त्या चार बोटांत गायकाचं नाव आणि चेहरा आला पाहिजे, आणि तो गर्दीतून चालता चालता वाचता आला पाहिजे. "मानूस थांबला तर इकत घेतो," तो म्हणायचा. "आपलं काम त्याला थांबवायचं."

ताईबाईची सगळी कव्हरं त्यानंच केली होती. ताईबाई केंदूरची. दिवसभर लोकांच्या रानात कांदा लावायची, काढायची, आणि जयंतीला, वर्षावासात, लग्नाच्या हळदीला गायची. आवाज असा, की माइक बंद पडला तरी कुणाच्या लक्षात येऊ नये. तिची पहिली कॅसेट निघाली तेव्हाचं कव्हरही मच्छिंद्रचं, नंतरच्या सीड्यांचंही. ती दुकानात आली की करुणा तिला आत बसवून जेवायला घालायची. मच्छिंद्र तिला मावशी म्हणायचा. नात्यानं ती कुणी लागत नव्हती.

सगळं असं नीट चाललं होतं, आणि मग कारेगावच्या रोहन साळवेचं नाव पुढं आलं.

मच्छिंद्रला ते पहिल्यांदा कळलं जयसिंगकडून. जयसिंगचा गाणी विकायचा धंदा. आठवडी बाजार, यात्रा, जयंत्या, जिथं गर्दी तिथं त्याचं टेबल. एका सकाळी तो दुकानात आला आणि पिशवीतून एक सीडी काढून टेबलावर ठेवली.

"ही बघा आप्पा. कारेगावचा रोहन साळवे म्हनून पोरगा हाय, त्यानं केलंय कव्हर. दिसायला काय बी न्हाई. पन लोकं हातातनं सोडंनात."

खरंच दिसायला काही नव्हतं. प्लास्टिकची डबी नाही, चकाकी नाही. खोक्याला वापरतात तसल्या जाड, मातकट रंगाच्या पुठ्ठ्याचं पाकीट. वर गायकाचा फोटो नाही, फक्त बारीक अक्षरात त्याचं नाव. मच्छिंद्रला हसू आलं. "हे काय, बिस्किटाचा बॉक्स फाडून केलंय का?"

"उघडा तर."

मच्छिंद्रनं पाकीट उघडलं. दोन्ही पानं बाजूला झाली आणि मधून एक पिंपळाचं पान हळूच उभं राहिलं. कागदाचंच, शिरांच्या जागी कापलेलं, त्यामुळं खिडकीतला उजेड त्याच्यातून टेबलावर पडला. सीडी त्या पानाच्या मागं होती. पाकीट मिटलं की पान आडवं झोपायचं. पुन्हा उघडलं की पुन्हा उभं.

मच्छिंद्रनं ते चारपाच वेळा उघडलं, मिटलं. मग जयसिंग बघतोय हे लक्षात आल्यावर बाजूला सारलं.

"खेळणं हाय," तो म्हणाला.

"व्हय," जयसिंग म्हणाला. "पन इकडं ध्यान द्या. तुमचं कव्हर लोकं बघत्यात आन् सीडी घेत्यात. ह्याचं घेत्यात आन् मंग बघत बसत्यात. काल एक बाई म्हनली, आमच्याकडं सीडी प्लेअर न्हाई, पन हे द्या."

जयसिंग गेला. मच्छिंद्रनं बाजूला सारलेलं पाकीट पुन्हा जवळ ओढलं. त्यानं आजवर शेकडो कव्हरं केली होती, पण प्लेअर नसताना त्यातलं एकही कुणी घरी नेलं नव्हतं. डबी उघडायची, सीडी काढायची आणि कव्हर टीव्हीवर पडून राहायचं, एवढंच त्याला माहीत होतं. मच्छिंद्रचं कव्हर लांबूनच बघायचं असायचं. या पोराचं हातात धरून बसावं असं होतं.

सीडी त्यानं जयसिंगला पैसे देऊन ठेवून घेतली होती. दुपारी करुणा घरी गेल्यावर त्यानं ब्लेडनं पाकीट शिवणीतून उकललं. पान उभं कसं राहतं ते बघायचं होतं. कळलंही. एक घडी अशी, एक तशी, मध्ये एक लहानशी जीभ. पण उकललेलं पुन्हा चिकटवलं, तर पान अर्धवट उठून तिथंच वाकडं व्हायचं. त्यानं दुसऱ्या पुठ्ठ्यावर करून पाहिलं. तिथंही वाकडंच. करुणा परत आली तेव्हा टेबलाखाली पुठ्ठ्याचे तुकडे पडले होते.

"काय चाललंय?"

"काय न्हाई. पत्रिकेचा नमुना."

त्या महिन्यात त्याचं वागणं बदललं. आलेल्या गायकांना तो आपण होऊन सांगायचा, की आजकाल काही लोक पुठ्ठ्याच्या पाकिटात सीड्या देतात, चरे पडतात, घेऊ नका. बाजारात गेला की जयसिंगच्या टेबलाशी उगाच थांबायचा आणि मातकट पाकिटं किती उरलीत ते डोळ्यांनी मोजायचा. कमी दिसली की जेवण गोड लागायचं नाही. करुणाच्या हे ध्यानात यायला वेळ लागला नाही.

"तुमची सवत हाय का तो?" ती एकदा म्हणाली. "माझ्यासाठी बी कवा एवढं जळला न्हाईत."

शेवटी त्याला राहवेना. एका रविवारी तो कारेगावला गेला. मनात एवढंच होतं, की माणूस एकदा बघावा. चौकशी करत करत कंपनीतल्या कामगारांच्या खोल्यांच्या एका चाळीपाशी पोचला. बाहेर दोऱ्यांवर सगळ्यांचे सारख्या रंगाचे शर्ट वाळत होते. रोहनच्या खोलीत तो आणि बिहारचे दोघे राहायचे. पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या एका कंपनीत तो नमुने कापायच्या खात्यात होता. वय फार तर पंचवीस. हडकुळा, बोटांना जागोजाग चिकटपट्ट्या.

मच्छिंद्रनं ठरवलं होतं नाव सांगायचं. पण दारात उभं राहिल्यावर तोंडातून वेगळंच निघालं.

"माझ्या भाचीचं लग्न हाय. लग्नाच्या डीव्हीडीला डबी पायजे."

"या ना काका, बसा. कुठनं आलात?"

"दौंड. रेल्वेत हाय मी."

रोहननं पलंगाखालून एक मोठं खोकं ओढलं. त्यात नमुने होते. एक डबी दोन पाकळ्यांनी मिटायची. एकीला झाकण होतं, ते उचललं की दम खात खात वर यायचं. एकीत नवरानवरीचं नाव कापून काढलं होतं आणि आतली रुपेरी डीव्हीडी त्या अक्षरांतून चमकत होती. मच्छिंद्र एकेक हातात घेत होता. चूक कुठं सापडते का ते त्याची नजर शोधत होती. एका ठिकाणी गोंद बाहेर आला होता. तेवढ्यानं त्याला बरं वाटलं.

"हे सगळं कुनी शिकिवलं?"

"कंपनीत खोकी कापतो ना, त्यातच. तिथं बुटाचं, मिठाईचं खोकं असतंय. म्या म्हनलं, गान्याला का नको." रोहन दम खात उघडणाऱ्या झाकणाकडं बोट करून म्हणाला, "काका, हे बघा. मानूस उघडताना जरासा थांबतो. तेवढा थांबला ना, की त्याला आतलं गानं भारी वाटतंय. अजून ऐकलं बी नसतंय."

माणसाला थांबवायचं, हे तर त्याचं स्वतःचं वाक्य होतं. या पोराला ते कुणी सांगितलं नव्हतं, त्याचं त्यालाच सुचलं होतं, आणि मच्छिंद्रपेक्षा बरं सुचलं होतं.

निघताना त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं, "दौंडला बी कुनी ओव्हाळ म्हनून हाय म्हनं. कव्हरं करतो."

रोहननं आठवून पाहिलं. "ऐकलं न्हाई काका. चांगलं करत्यात का?"

"बरं करतो," मच्छिंद्र म्हणाला आणि चप्पल पायात सरकवली. परतीच्या वाटेवर, शत्रूला आपलं नाव माहीत असतं तर किती बरं झालं असतं, असंच त्याच्या मनात घोळत राहिलं.

त्या वर्षीच्या दिवाळीनंतर ताईबाईची नवी सीडी निघायची होती. तिचं वय झालं होतं, दम पुरत नव्हता, आणि ही शेवटचीच असं तिनं सगळ्यांना सांगितलं होतं. मच्छिंद्र वाट बघत होता. ती आली नाही. मग जयसिंगनंच सांगितलं, की कव्हर कारेगावला दिलंय. ताईबाईची नात भाग्यश्री शिरूरला कॉलेजात होती. तिला ती पाकिटं आवडली होती.

मच्छिंद्र दुसऱ्या दिवशी केंदूरला गेला. ताईबाई अंगणात लसूण निवडत बसली होती. तिनं त्याला बघितलं आणि तो का आलाय ते ओळखलं.

"पोरीनं ठरिवलं रं," ती म्हणाली. "मला त्यातलं काय कळतंय. तू मनाला लावून घिऊ नगंस."

"न्हाई मावशी. मी असाच आलो व्हतो."

"असाच येतो व्हय केंदूरला?"

तो चहा प्यायला. भाग्यश्री आतून आली, जय भीम म्हणाली आणि तिच्याही तोंडावर जरा संकोच होता. "मामा, तुमची कव्हरं चांगलीच असत्यात," ती म्हणाली. "पन ती सगळी सारखी दिसत्यात. आजी जवा गाती तवा अशी किरनं फुटत न्हाईत. ती डोळे मिटून गाती." मच्छिंद्रनं कप खाली ठेवला आणि निघाला. घरी येईपर्यंत त्याला दहा उत्तरं सुचली.

सीड्या छापून आल्या तेव्हा एक अडचण निघाली. रोहन पाकिटं हातानं करायचा, कंपनीची पाळी सांभाळून. सीड्या भरपूर आल्या आणि पाकिटं अर्धीसुद्धा झाली नाहीत. एक जानेवारी तोंडावर आली होती. कोरेगाव भीमाला त्या दिवशी लाखो लोक येतात, आणि जयसिंगचं वर्षातलं सगळ्यात मोठं टेबल तिथं लागतं. उघड्या सीड्या विकायच्या कशा, म्हणून तो मच्छिंद्रकडं आला.

"साध्या डब्या द्या आप्पा. कव्हर नसलं तरी चालंल."

"कव्हराबिगर कशी देतो," मच्छिंद्र म्हणाला. "मी करतो. पैसं नको."

असं मन लावून त्यानं कधीच काम केलं नव्हतं. जुन्या फोटोंतून ताईबाईचा सगळ्यात चांगला फोटो काढला, केस काळे होते तेव्हाचा. चेहरा उजळ केला, डोळ्यांखालच्या सुरकुत्या पुसल्या, गालावरचे वांगाचे डाग घालवले. नाव एवढं मोठं घेतलं की चार बोटांचा पट्टा भरून गेला. किरणं नेहमीच्या दुप्पट. करुणानं बघून एवढंच विचारलं, "हे मावशीसाठी करताय का त्या पोरासाठी?" त्यानं ऐकू न आल्यासारखं केलं.

एक जानेवारीला तो सकाळीच कोरेगावला पोचला. जयसिंगच्या टेबलाशी गेला नाही. रस्त्याच्या पलीकडं पुस्तकांचा स्टॉल होता, तिथं पुस्तकं चाळल्याचं सोंग करत उभा राहिला. पांढऱ्या साड्या, निळे झेंडे, कडेवर लेकरं, स्तंभाकडं सरकणारी रांग. त्या गर्दीतून त्याला जयसिंगच्या टेबलावर एकाच सीडीचे दोन ढीग दिसत होते. एक चमचमणारा, एक मातकट.

आणि त्याचा ढीग उतरू लागला. बाया लांबूनच बोट दाखवायच्या, "ती बघ ताईबाई", आणि येऊन उचलायच्या. मातकट पाकीट उचललं जायचं, उघडलं जायचं, आणि परत खाली ठेवलं जायचं. एका म्हातारीनं तर जयसिंगला सुनावलं, "ह्याच्यावर ताईबाई कुठाय? दुसरीच कुनाची असली तर?" मच्छिंद्रनं ते पलीकडून ऐकलं. त्याला वाटलं, हे भाग्यश्रीनंही ऐकायला पाहिजे होतं. किती महिन्यांनी तो मोकळा श्वास घेत होता. त्यानं गाडीवर जाऊन भजी खाल्ली, आणि ती गोड लागली.

दुपारी ताईबाई आली. भाग्यश्री आणि रोहन तिला दोन्हीकडून धरून होते. जयसिंगनं खुर्ची दिली. लोक गोळा झाले. मच्छिंद्रही आता रस्ता ओलांडून अलीकडं आला, गर्दीच्या कडेला.

कुणीतरी ताईबाईच्या हातात मच्छिंद्रच्या कव्हराची सीडी दिली. तिनं ती लांब धरली, जवळ आणली आणि हसली.

"ही कोन बाई? लई गोरी झाली."

लोक हसले. तिच्या बोलण्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. तिला खरंच ती बाई ओळखीची वाटली नव्हती. तिनं सीडी मांडीवर ठेवली आणि भाग्यश्रीनं पुढं केलेलं मातकट पाकीट घेतलं. ते ती आधी पाहून चुकली असावी, कारण न बघताच तिनं ते उघडलं. आत, दोन्ही पानं भरून, एका हाताचा निळा ठसा होता. तिचाच. रोहननं तिचा तळवा शाईत बुडवून कागदावर घेतला होता. कांदे उपटून वाकडी झालेली बोटं, चिरा, एका बोटाचं अर्धं पेर नाही तेसुद्धा. तळव्याच्या बरोबर मधोमध सीडी बसली होती, जणू तिनं ती कुणाला तरी देण्यासाठी पुढं धरली आहे.

ताईबाईनं सीडीवर आपला हात ठेवला. बोटावर बोट बरोबर बसलं. ती तशीच थोडा वेळ बसून राहिली. मग एक बाई पुढं आली आणि म्हणाली, "मला हे द्या, आन् मावशी, माझ्या बी ह्याच्यावर हात ठिवा." मग दुसरी आली. जयसिंगचा मातकट ढीग बघता बघता उतरला. तरीही संध्याकाळपर्यंतचा हिशेब केला तर मच्छिंद्रच्याच सीड्या जास्त गेल्या होत्या. पण त्या वेळी मच्छिंद्रनं आपल्या कव्हराकडं पाहिलं, तर ते ताईबाईच्या मांडीवरून खाली घसरून मातीत पडलं होतं, आणि कुणाचंच तिकडं लक्ष नव्हतं. त्यानं वाकून ते उचललं, पुसलं. वर बघितलं तर समोर रोहन.

"काका," रोहन म्हणाला. "भाचीचं लग्न झालं का?"

मच्छिंद्र सीडी पुन्हा पुसू लागला. तेवढ्यात जयसिंग मधे बोलला, "आरं भाची कुठली? हे ओव्हाळ आप्पा. दौंडचे. ती चमकती कव्हरं ह्यांचीच."

रोहन आळीपाळीनं मच्छिंद्रकडं आणि त्याच्या हातातल्या सीडीकडं बघत राहिला. आता तो ओरडेल, चारचौघांत खोटं उघडं पाडेल, अशी मच्छिंद्रनं मनाची तयारी केली. तसं झालं असतं तर त्याला सोपं गेलं असतं. पण रोहनचा चेहरा वेगळाच पडला होता.

"सकाळधरनं हितं गर्दीतनं बघतोय, मधी ताईबाईला आनाया गेलो तेवढंच," तो म्हणाला. "माझं लोकं हातात घेत्यात आन् ठिवून देत्यात. तुमचं लांबनं बघूनच घेत्यात. मी म्हनलं, हे कुनी केलंय. ते कसं करता काका?"

म्हणजे हा पोरगाही सकाळपासून जळत होता. मच्छिंद्रला ते त्याच्या डोळ्यांत स्पष्ट दिसलं, कारण ते त्याच्या रोजच्या ओळखीचं होतं. चार बोटांच्या पट्ट्याचं गणित जिभेवर आलं होतं. सांगितलं असतं तर दोन वाक्यांचं काम.

"असंच," तो म्हणाला. "सवयीनं."

आणि तो बसकडं निघून गेला.

पुढं काही वर्षांत सीड्याच संपल्या. आधी लोक मोबाईलमध्ये गाणी भरून घ्यायला लागले, मग तेही बंद झालं. जयसिंगनं मोबाईलची कव्हरं विकायला घेतली. मच्छिंद्र फ्लेक्सकडं वळला. रोहन त्याच कंपनीत राहिला आणि नमुन्यांच्या खात्याचा प्रमुख झाला. दोघांची गाठ पडत नव्हती. पण मच्छिंद्रचं जळणं सीड्यांबरोबर संपलं नाही. लग्नात मिठाईचा एखादा सुंदर बॉक्स हातात आला, की तो आधी उलटा करून बघायचा, कुठं छापलाय, कारेगावकडचा तर नाही ना. बर्फी करुणा खायची.

ताईबाई गेल्या वर्षी गेली. भाग्यश्री आता शिरूरला शाळेत शिक्षिका आहे. पहिल्या स्मृतिदिनी पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला येणाऱ्यांना आजीची सगळी गाणी एका डबीत घालून द्यायची, असं तिनं ठरवलं. ती दौंडला दुकानात आली आणि सरळच म्हणाली, "मामा, डबी रोहनदादा करनार. छपाई तुम्ही करायची. आन् दोघांनी बसून ठरवायचं."

"सीडी आता कोन लावतंय?" मच्छिंद्र म्हणाला.

"कुनीच न्हाई. गानी मोबाईलवर हायतच. पन मानसाच्या हातात काय देनार मी? लिंक?"

रोहन एका रविवारी आला. पोट जरा सुटलं होतं, केस मागं गेले होते. करुणानं दोघांसमोर पोहे ठेवले आणि मुद्दाम तिथंच बसून राहिली. सुरुवातीला दोघं कागदाकडं बघूनच बोलत होते.

"वर फोटो पायजे," मच्छिंद्र म्हणाला.

"मी बी तेच म्हननार व्हतो," रोहन म्हणाला. "तो घ्या ना, तुम्ही घेतला व्हता तो. जुना, उजळ केलेला. लोकांना तसाच आवडतो. त्या दिवशी बघितलंय मी."

"न्हाई," मच्छिंद्र म्हणाला. "तो न्हाई घ्यायचा. ती म्हनली व्हती, ही कोन बाई."

मच्छिंद्रनं कॉम्प्युटरवर भाग्यश्रीनं पाठवलेला फोटो उघडला. शेवटच्या वर्षातला. डोळे मिटलेले, तोंडात दात नाहीत, गळ्याच्या शिरा ताणलेल्या. ती गात होती. त्यानं त्यातलं काहीच पुसलं नाही. नाव मात्र सोनेरीच घ्यायचं म्हणून अडून बसला. रोहन म्हणाला, सोनेरीनं डबी स्वस्त दिसेल. करुणा म्हणाली, मावशीला सोनेरी आवडायचं. त्यावर रोहननं माघार घेतली, पण तोंड आंबट करूनच. मग झाकणाच्या घडीवरून दोघांचं पुन्हा वाजलं, आणि तिथं मच्छिंद्रला माघार घ्यावी लागली. त्यालाही ती गोड लागली नाही.

डब्या झाल्या. केंदूरला बुद्धवंदना झाली, भाषणं झाली, आणि भाग्यश्रीनं एकेकाच्या हातात डबी दिली. लोकांनी ती ओंजळीत धरली. झाकण हळूहळू उघडायचं, वर ताईबाई डोळे मिटून, आत सीडी. ज्यांच्या घरात ती वाजवायला काहीच नव्हतं तेही ती रुमालात गुंडाळून नेत होते. मच्छिंद्र मंडपाच्या कडेला उभा राहून सगळं बघत होता. त्याला आनंद झाला होता, हे खरं. तेवढ्यात भाग्यश्रीनं माइक हातात घेतला आणि डबी कुणी केली ते सांगितलं. कारेगावचे रोहन साळवे, आणि दौंडचे मच्छिंद्र ओव्हाळ. टाळ्या वाजल्या. रोहननं लांबून हात जोडले. मच्छिंद्रनंही जोडले.

परतीच्या वाटेवर तो मोटारसायकल चालवत होता. करुणा मागं डबी मांडीवर धरून बसली होती.

"नाव आधी त्याचं घेतलं," तो शेवटी म्हणाला.

"दोघांचं घेतलं की."

"आधी त्याचं."

"तुम्ही वयानं मोठे, म्हनून शेवटी घेतलं आसंल. मोठ्याचं शेवटी घेत्यात."

मच्छिंद्रनं त्यावर विचार केला. बघायला गेलं तर तसं असूही शकत होतं. पण पुढं रस्त्याला खड्डे लागले, गाडी सावकाश घ्यावी लागली, आणि तेवढ्यात त्याला आठवलं, की भाषणांच्या वेळी सगळ्यात आधी नाव घेतलं ते सरपंचांचं, आणि सरपंच तर त्याच्याहूनही वयानं मोठे होते.